बाई खुर्चीत बसल्या

सोमवारी सलून बंद असतं, हे त्या रस्त्यावरच्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं. त्यामुळे सकाळी साडेसहाला जिना उतरून आलेल्या धाकट्या सुनेला शटर हातभर उचललेलं दिसलं, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार चोराचा आला. दुपारी जेवायला घरची बारा माणसं जमायची होती आणि दुकानातल्या चार खुर्च्या वर न्यायला ती उतरली होती. चोर शिरला असलाच तर बिचाऱ्याच्या हाती कंगवे नि टॉवेल यांखेरीज काय लागणार, असंही तिला वाटून गेलं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला.

"कोण आहे ते? दुकान बंद आहे."

"मीच आहे, बाई."

"वर जा तू. मी येते."

गिऱ्हाइकं, दूधवाला, सुना, नातवंडं, झाडून सगळे त्यांना बाईच म्हणत. पोटची तीन मुलं तेवढी आई म्हणायची. आणि बाईंनी 'वर जा' म्हटलं की समोरचा माणूस निमूटपणे वर जायचा. गेल्या बारा वर्षांत सुनेनंही कधी त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. पण आजच्या आवाजात नेहमीची जरब नव्हती. ती वाकली आणि शटरखालून आत शिरली.

बाई आरशासमोर उभ्या होत्या. डोक्याला टॉवेल गच्च गुंडाळलेला. बाजूच्या ट्रॉलीवर ब्लीच पावडरचा डबा उघडा होता आणि वाटीत ब्रश तसाच पडला होता.

"काय झालं, बाई?"

"काही नाही."

"टॉवेल काढा बघू."

बाईंनी एकदा आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग टॉवेल काढला.

कपाळावरचे, कानशिलांवरचे, पुढचे सगळे केस हिरवे झाले होते. पाण्याची टाकी वर्षभर धुतली नाही की आतून जो रंग धरते, तोच रंग. मागचे केस होते तसेच कोळशासारखे काळे, आणि त्यांच्या मुळाशी बोटभर रुंद पांढरा पट्टा. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हे पाहिलं असतं तर तिनं शांतपणे विचारलं असतं, घरी काय लावलं होतं? इथे तिनं वळून शटर आणखी खाली ओढलं.

कारण ते केस बाईंचे होते. सत्तरी उलटली तरी त्या केसांत कुणी पांढरी तार पाहिली नव्हती. दर तिसऱ्या सोमवारी बाई शटर लावून एकट्या दुकानात बसत आणि दोन-अडीच तासांनी काळेभोर, चकाकते केस घेऊन जिना चढत. काय लावतात, कसं लावतात, ते कुणाला माहीत नव्हतं. विचारायची टाप नव्हती. गावातल्या आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यांना बाईंचा हात लागला होता, पण बाईंच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

"ब्लीच कशाला लावलंत?" शेवटी सुनेनं विचारलं.

"काळ्यात पांढरी मुळं तीन आठवड्यांत डोकं वर काढतात. तपकिरी रंग असला तर दोन-दोन महिने खपून जातं." बाईंनी उजवा हात उचलून दाखवला. तो खांद्यापर्यंतही पोचला नाही. "हा आता एवढाच जातो. मागचं मला लावता येत नाही, दोन महिने झाले; डोक्यावर पदर घेऊन झाकत होते. म्हटलं, रंगच उतरवून घ्यावा, म्हणजे निदान घाई तरी नको."

खांद्याचं सुनेला माहीत होतं. उंच बायका आल्या की बाई हल्ली 'तू घे गं हिला' म्हणायच्या, ड्रायर डाव्या हातात धरायच्या. तिनं सगळं पाहिलं होतं आणि ब्र काढला नव्हता. न बोलणं म्हणजे मान राखणं, असं तिला आजवर वाटत आलं होतं. आज तो हिरवा रंग पाहताना तिला त्या मान राखण्याची लाज वाटली.

"एक बट आधी तपासून नाही घेतलीत?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. हे सलून ज्या एका नियमावर उभं होतं तो हाच. आधी कानामागची एक बट, मग डोकं. नवरी दारात उभी असो नाही तर कलेक्टरची बायको खुर्चीत बसलेली असो, बाई कुणालाही सोडत नसत. घाई असेल त्यांनी दुसरं दुकान बघावं, असं तोंडावर सांगत.

"नाही," बाई म्हणाल्या. "म्हटलं, माझंच तर डोकं आहे. मला ठाऊक नाही तर कुणाला?"

मग त्या आपणहून खुर्चीत बसल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. सुनेनं त्यांना तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या फार लहान दिसत होत्या.

"काळी ट्यूब काढ," त्या म्हणाल्या. "सगळ्यावर एक हात मार आणि मोकळी हो. दुपारी पोरं येतायत. त्याला हे दिसता कामा नये."

त्याला म्हणजे थोरल्याला. थोरला मुलगा शाळेचा मुख्याध्यापक होता आणि घरातही प्रार्थनेला उभं राहिल्यासारखा बोलत असे. माणूस वाईट नव्हता. आईनं आता आराम करावा, दुकान बंद करून त्याच्याकडे राहायला यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो गेली तीन वर्षं सांगत होता. गेल्या वर्षी फारच मागे लागला तेव्हा बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी माझ्या हातून एक डोकं बिघडेल, त्या दिवशी मी आपल्या हातानं शटर ओढीन. तोवर हा विषय नको." आजचं जेवण थोरल्यानं तो विषय काढायलाच ठरवलं होतं. बहिणीलाही फोन करून आपल्या बाजूला वळवून घेतलं होतं.

आणि दुकान बंद म्हणजे सुनेचंही सगळं बंद. दुसरी खुर्ची तिची होती. तिथे उभी राहून ती माणूस झाली होती. लग्न होऊन आली तेव्हा नणंदेनं तिचं नाव 'भिंतीवाली' ठेवलं होतं, कारण तिचे वडील घरांना रंग द्यायची कामं घेत. पहिलं वर्षभर बाईंनी तिला फक्त ब्रश धुवायला दिले. पुढे एक दिवस एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि बाई काहीच न बोलता बाजूला झाल्या. तेवढंच. शाबासकी नाही, काही नाही. पण त्या दिवशी तिनं रात्रभर आपले रंगलेले पंजे न्याहाळले होते.

तिनं कपाटातून काळी ट्यूब काढली. आणि परत ठेवली.

"नाही लावणार, बाई."

"काय म्हणालीस?"

"बट तपासल्याशिवाय नाही लावणार."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या आठीला गावातल्या भल्याभल्या बायका टरकून असत. सुनेचे पाय मात्र जागचे हलले नाहीत.

"वेळ नाहीये, अगं!"

"घाई असेल त्यांनी दुसरं दुकान बघावं," सून म्हणाली आणि आपण काय बोलून बसलो या विचारानं तिचे कान तापले.

बाईंनी मान पुढे वाकवली. "काप," त्या म्हणाल्या.

तिनं कानामागून, जिथे हिरवा रंग संपत होता तिथून, काडीएवढी बट कापली आणि तिचे दोन भाग केले. एका भागाला काळी ट्यूब लावून तो चंदेरी कागदात गुंडाळून ठेवला.

"आता खरं सांगा. इतकी वर्षं तुम्ही काय लावत होतात?"

बाईंनी ट्रॉलीवरच्या डब्याचं झाकण लावलं.

"बाई, मला कळल्याशिवाय दुसऱ्या बटेला काय लावू?"

"मेंदी," बाई म्हणाल्या. "आणि वर नीळ. पाल्याची पूड. आधी मेंदी, ती धुवायची, मग नीळ. एकाआड एक." बोलताना त्यांनी मान खाली घातली होती. "लोकांना ट्यूबा लावल्या आणि स्वतः पाला लावला. मला त्या ट्यूबांनी पुरळ उठायचं. पहिल्याच वर्षी कळलं. आज नाइलाजानं तेही सोसणार होते. सलूनवालीला रंग सोसत नाही, हे कळलं असतं तर कोण आलं असतं माझ्याकडे?"

सुनेला हसावं की रडावं कळेना. तीस-पस्तीस वर्षं ही बाई शटर लावून चोरासारखी बसत होती ती यासाठी! आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे ब्लीचनं मेंदीचा तांबडा उडाला. वरची नीळ अर्धवट उतरून हिरवी पडली. तांबडं गेलं म्हणून हिरवं दिसतंय.

"माझे बाबा म्हणायचे," ती म्हणाली, "हिरव्या भिंतीवर तपकिरी द्यायचा असेल तर आधी तांबड्याचा एक हात. थेट गडद रंग मारलात तर भिंत मळकी दिसते."

"माझं डोकं म्हणजे भिंत आहे का?"

"नाही. भिंत तक्रार करत नाही."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी बोटानं खालच्या खणाकडे दाखवलं. तिथे, जुन्या टॉवेलांच्या मागे, दोन डबे होते. सुनेनं मेंदी गरम पाण्यात भिजवली आणि तासभर झाकून ठेवली. तो तास दोघी आरशासमोर शेजारी शेजारी बसून होत्या. बाईंनी स्वतःहून नीळ कशी भिजवायची ते सांगितलं. आधीपासून भिजवून ठेवायची नाही, ऐन वेळी कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ टाकून, पाव तासात वापरायची. काळ्यासाठी दोन्ही वेगवेगळ्या, पण तपकिरीसाठी एकत्र, दोन वाट्या मेंदीला एक वाटी नीळ. कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्या अशी सांगत होत्या, जणू वाणसामानाची यादी देतायत. सून मात्र एकेक शब्द जिवाचे कान करून ऐकत होती.

मेंदी तयार झाली तशी तिनं दुसऱ्या बटेला लावली. तासाभरानं आधी पहिला कागद उघडला. केस काळा झाला होता, पण ओला करून ताणला तर ताणतच गेला आणि तुटला.

बाईंनी तो तुकडा हातात घेतला, दोन बोटांत फिरवला. "सगळं डोकं असं हातात आलं असतं," त्या म्हणाल्या.

नेमकं तेव्हाच शटर खडखडलं आणि नणंद आत आली. आदल्या संध्याकाळी ती मुक्कामाला आली होती. स्वतःचं औषधांचं दुकान चालवणारी, बोलायला फटकळ, आणि वहिनीवर जरा राग धरून असलेली. आपल्या आईनं आपल्याला सोडून भिंतीवालीला हाताशी धरलं, हे तिला कधी पचलं नव्हतं.

"वर चहा थंड झाला आणि तुम्ही दोघी..." तिचं वाक्य अर्धंच राहिलं. तिनं आईच्या डोक्याकडे पाहिलं. मग तिनं तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले, आणि ती अशी खदखदून हसली की भिंतीला टेकावं लागलं.

"हस," बाई म्हणाल्या. "पोटभर हस. तुझी आजी असती तर म्हणाली असती, मी पोपटाला जन्म दिला."

"आई, अगं!" हसता हसता नणंदेचे डोळे भरून आले, ते मात्र हसण्यानं नव्हते. ती आईच्या पायाशी स्टुलावर बसली. "कुणी केलं हे? हिनं?"

"मी केलं."

"तू? तू आपल्या हातानं?"

"हा हात." बाईंनी परत तो खांदा दाखवला. "आता जा आणि दादाला फोन कर. सांग, आई म्हणत होती ते झालं. एक डोकं बिघडलं."

नणंद आणि थोरला एका बाजूला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नणंदेनं आईच्या हाताकडे पाहिलं, मग कागदातल्या तुटक्या केसाकडे, मग वहिनीकडे.

"काय करणार आहेस तू?" तिनं वहिनीला विचारलं.

सुनेनं दुसरी बट धुतली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तासाभरात तिचा हिरवा रंग जाऊन दालचिनीसारखा तपकिरी झाला होता. ताणली तर परत जागेवर येत होती.

"वन्सं, पुढे शुद्ध मेंदी. मागच्या पांढऱ्या मुळांना मेंदी नि नीळ एकत्र. दोन तास लागतील."

"मग लाव की! बघतेस काय?" नणंद उठली आणि बाह्या सरसावल्या. "आणि हे बघ, हसले ते कुणाला सांगायचं नाही."

मग काम सुरू झालं. सुनेनं केसांचे चार भाग केले, चिमटे लावले आणि मागून सुरुवात केली. बाईंचं डोकं पहिल्यांदाच तिच्या हातात होतं. डोक्याच्या मागे, मानेच्या वर, भाजल्याची एक जुनी खूण होती. इतक्या वर्षांत ती कुणी पाहिली नसेल. सुनेला वाटलं, ही बाई केवढी एकटीनं उभी राहिली! नवरा अर्ध्यावर सोडून गेला तेव्हा पदरी तीन मुलं आणि हातात एक कंगवा. त्या कंगव्यावर तिनं मुख्याध्यापक घडवला, औषधांची दुकानवाली घडवली, आणि एका रंगाऱ्याच्या मुलीला खुर्ची दिली. सुनेनं ब्रश मात्र थांबू दिला नाही.

"हात हलका आहे तुझा," बाई डोळे मिटून म्हणाल्या.

बारा वर्षांत पहिल्यांदा. सुनेनं पुढची बट उचलली. नणंदेनं तिच्याकडे पाहिलं, वाटी पुढे सरकवली आणि मुकाट्यानं दुसरीकडे बघितलं.

साडेदहाला थोरला आला. दोन तास आधी. बाहेर त्याचे बूट वाजले आणि मग शटरखाली ते दिसले, चकचकीत, पॉलिश केलेले.

"आत कोण आहे? आई आहे का? धाकटा म्हणाला खाली आहे. मला जेवणाच्या आधी तिच्याशी जरा बोलायचंय."

सुनेचे हात मेंदीनं माखलेले. बाईंच्या डोक्यावर हिरवट चिखलाचा डोंगर. नणंद एका ढांगेत शटरजवळ पोचली आणि खाली वाकली.

"दादा, आत येऊ नकोस. मी अंगाला मेण लावून बसलेय."

बूट झटकन दोन पावलं मागे सरले. "तू? आज? आणि आई?"

"आई लावतेय."

"खांदा दुखतोय ना तिचा?"

"पायाला लावतेय, दादा! सगळं सांगू का आता?"

बूट जिन्याकडे निघून गेले. नणंद वळली आणि दोघींना उद्देशून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा त्याला निरुत्तर केलं." बाई हसल्या, इतक्या की मेंदीचा एक गोळा सुनेच्या मनगटावर पडला. नणंदेनं आपल्या हातातल्या टॉवेलनं तो पुसला. वहिनीचं मनगट तिनं कधी हातात धरलं नव्हतं.

साडेअकराला धुतलं. सुनेनं नळाखाली पुन्हा पुन्हा पाणी फिरवलं, शेवटचं पाणी नितळ होईपर्यंत. मग ड्रायर लावला. पुढचे केस उबदार तपकिरी झाले होते, मागचे गडद, आणि मधे कुठे एक रंग संपून दुसरा सुरू होतो ते शोधून सापडलं नसतं. बाईंनी आरशाजवळ तोंड नेऊन तपासलं. मुळं बघितली, कानामागे बघितलं, एक केस ओला करून ताणून बघितला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. नणंद कुरकुरली, "आई, अगं, सुंदर झालंय!" पण सुनेला 'ठीक आहे'चा अर्थ माहीत होता. तो शब्द ती आयुष्यभर पुरवून खाणार होती.

जेवायला वर बारा माणसं आणि गोंगाट. थोरल्यानं आईला पाहिलं आणि थबकला.

"आई, छान दिसतेयस! रंग बदललास?"

"हो."

टेबलाखाली नणंदेनं वहिनीच्या पायाला पाय लावला. सुटलो, असा त्याचा अर्थ. सुनेनं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

जेवणं होत आली तसा थोरला घसा खाकरून उभा राहिला. सवयीनं.

"आई, तू गेल्या वर्षी म्हणाली होतीस ते आम्ही सगळ्यांनी मानलं. तुझा हात अजून चुकलेला नाही, हे मी अभिमानानं सांगतो. पण चुकायची वाट कशाला बघायची? नाव आहे तोवर थांबावं. तुझी खोली मी तयार करून घेतलीय. खिडकी बागेकडे उघडते." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा मुख्याध्यापकाचा आवाज गेला आणि मुलाचा आला.

बाईंना फक्त गप्प बसायचं होतं. हात चुकलेला नाही, असं तो स्वतःच म्हणाला होता. हिरव्या केसांची गोष्ट तीन बायकांच्या पोटात होती आणि तिथेच राहिली असती.

"चुकला," बाई म्हणाल्या. "आज सकाळी."

"आई!" नणंद पुटपुटली.

"माझंच डोकं बिघडवलं मी. बट न तपासता ब्लीच लावलं. हिरवी झाले होते, पार हिरवी. तू दारात आलास तेव्हा तुझी बहीण मेण लावत नव्हती, तुला थोपवत होती." नातवंडं खिदळायला लागली. थोरल्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

"मग आता..." थोरला हळू बोलला. त्याला जिंकल्याचा आनंद झालेला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "तुझ्याच शब्दाप्रमाणे, आई."

"माझ्याच शब्दाप्रमाणे. आजपासून मी रंगाच्या वाटीला हात लावणार नाही. पण दुकान बंद करायचं मी कबूल केलं होतं, कारण मला वाटत होतं की दुकान म्हणजे माझा हात. ते चुकीचं होतं." त्यांनी सुनेकडे पाहिलं. सगळं टेबल तिच्याकडे पाहायला लागलं आणि तिला कुठे बघावं कळेना. "मी हिला म्हटलं, काळी ट्यूब लाव. ही नाही म्हणाली. मी डोळे वटारले. तरी नाही म्हणाली. गिऱ्हाईक सांगेल तो रंग फासणारे गल्लोगल्ली आहेत. सासू खुर्चीत बसलेली असताना जिनं सासूला वाट बघायला लावली, तिच्या हातात दुकान दिलं तर मला झोप लागेल."

मग धाकटा, सुनेचा नवरा, जो अशा बैठकांत नेहमी मीठ-पाणी वाढत बसायचा, एकदम म्हणाला, "पण ती एकटी कशी करेल? मदतीला माणूस लागेल."

"आहे की. केस धुवायला मी आहे."

"तू?" थोरला खुर्चीत बसलाच. "तू आता लोकांची डोकी धुणार? या वयात? हिच्या हाताखाली?"

"बेसिन कमरेएवढं असतं. खांदा वर न्यावा लागत नाही." बाईंनी पाण्याचा पेला उचलला, डाव्या हातानं. "आणि खोली राहू दे तयार. रविवारी संध्याकाळी येत जाईन, सोमवारी राहीन. बागेकडे खिडकी आहे म्हणतोस ना?"

थोरल्यानं तोंड उघडलं. बहीण म्हणाली, "दादा, जेव." त्यानं बहिणीकडे पाहिलं, आईच्या तपकिरी केसांकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या बाजूला आता कुणी नाही. मग तो हसला. अगदी त्याच्या आईसारखा, एका कोपऱ्यातून.

मंगळवारी दहाला शटर उघडलं. पहिलं गिऱ्हाईक बँकेतली रोखपाल, दर महिन्याची. सुनेनं तिला रंग लावला, वेळ लावली, आणि वेळ झाली तशी तिला बेसिनपाशी घेऊन आली. बाई तिथे स्टुलावर बसल्या होत्या, अंगात एप्रन, बाह्या कोपरापर्यंत वर. रोखपालबाई गडबडून उठायलाच लागल्या.

"बाई, तुम्ही?"

"डोकं मागे टेका," बाई म्हणाल्या.

त्यांनी मनगटावर पाणी घेऊन पाहिलं आणि धुवायला सुरुवात केली. सून मागे उभी राहून बघत होती. कपाळाच्या कडेनं, मग भांगातून, मग मानेकडे, त्या म्हाताऱ्या बोटांना एवढी मऊ वाट माहीत होती की रोखपालबाईंचे डोळे आपोआप मिटले. पाणी नितळ झालं. बाईंनी नळ बंद केला आणि टॉवेल घेतला.

सुनेला दिसलं. डाव्या कानामागे, केसांच्या कडेला, रंगाची एक रेघ राहिली होती. टॉवेल लागला असता तर रंग मानेवर उतरला असता. ती काही बोलली नसती तर कुणाला कळलंही नसतं. नंतर तिनं हळूच पुसून टाकलं असतं. मान राखायची तिला सवयच होती.

"बाई," ती म्हणाली. आवाज कापला, म्हणून तिनं परत म्हटलं, नीट. "बाई, कानामागे राहिलंय."

बाईंचा हात थांबला. त्या वाकल्या, कान बाजूला केला, डोळे बारीक करून पाहिलं.

"राहिलंय खरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा नळ सोडला.